डीएनएची नक्कल आणि एकाच दिशेचा नियम

माणसाच्या एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्या केंद्रकातील सर्व डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते. हा डीएनए ४६ गुणसूत्रांमध्ये विभागलेला असतो, त्यात रासायनिक घटकांच्या ६०० कोटींहून अधिक जोड्या असतात आणि तो सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. ज्या केंद्रकात तो मावतो, त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही साधारणपणे कमीच असतो. एवढ्या अपुऱ्या जागेत हे नक्कलीचे काम सुमारे आठ तासांत पुरे होते. शाळेच्या पुस्तकात याचे वर्णन दोन वाक्यांत संपते: दुहेरी सर्पिल उलगडते, प्रत्येक साखळीवर जोडीदार येऊन बसतात आणि एकाच्या दोन साखळीजोड्या होतात. हे वर्णन खोटे नाही, परंतु त्यात या प्रक्रियेतील सर्वांत मोठी अडचण अजिबात दिसत नाही. डीएनएच्या दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून असतात आणि नवी साखळी विणणारे विकर (एन्झाइम) फक्त एकाच दिशेने काम करू शकते. नक्कलीच्या यंत्रणेत जे काही गुंतागुंतीचे वाटते, त्यातील बराचसा भाग या एका विसंगतीतून निर्माण झालेला आहे.

ही विसंगती समजण्यासाठी रचनेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. डीएनएची साखळी न्यूक्लिओटाइड नावाच्या घटकांची बनलेली असते. प्रत्येक घटकात तीन भाग असतात: डीऑक्सिरायबोज ही पाच कार्बन अणूंची शर्करा, एक फॉस्फेट गट आणि एक नत्रयुक्त रेणू, ज्याला बेस म्हणतात. बेस चार प्रकारचे असतात. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन हे आकाराने मोठे, तर थायमिन आणि सायटोसिन हे लहान. शर्करेतील कार्बन अणूंना एक ते पाच असे क्रमांक दिलेले आहेत. पाचव्या क्रमांकाच्या कार्बनला फॉस्फेट जोडलेला असतो आणि तो फॉस्फेट शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कार्बनशी बांधला जातो. त्यामुळे साखळीची दोन्ही टोके सारखी नसतात. एका टोकाशी पाचवा कार्बन मोकळा राहतो आणि दुसऱ्या टोकाशी तिसरा कार्बन व त्यावरचा हायड्रॉक्सिल गट मोकळा राहतो. या लेखात त्यांना पाच-टोक आणि तीन-टोक म्हणू. साखळीला दिशा असते, असे म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच आहे.

अशा दोन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून उभ्या असतात. शर्करा आणि फॉस्फेट बाहेरच्या बाजूला, बेस आतल्या बाजूला. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन एवढ्याच जोड्या या रचनेत नीट बसतात. प्रत्येक जोडीत एक मोठा आणि एक लहान बेस असल्यामुळे सर्पिलाची जाडी सर्वत्र सारखी, म्हणजे सुमारे दोन नॅनोमीटर राहते. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, तर दुसरीत तीन. हे बंध एकेकटे दुबळे असतात, म्हणून साखळ्या एकमेकींपासून सुट्या करता येतात, पण ते कोट्यवधींच्या संख्येने असल्यामुळे साखळ्या आपोआप सुटत नाहीत. दहा-साडेदहा जोड्यांमागे सर्पिलाचा एक वेढा पूर्ण होतो. एका साखळीचे पाच-टोक ज्या बाजूला असते, त्या बाजूला दुसरीचे तीन-टोक असते. साखळ्यांची ही उलट मांडणी पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

ही मांडणी कशी कळली, याचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा १९५३ साली केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी तयार केलेल्या प्रतिकृतीपासून सुरुवात होते. माझ्या मते ती सुरुवात लंडनच्या किंग्ज कॉलेजपासून व्हायला हवी. तेथे रोझलिंड फ्रँकलिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने डीएनएच्या तंतूंचा अत्यंत चिकाटीने अभ्यास चालवला होता. १९५२ साली त्यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग यांनी घेतलेले ५१ क्रमांकाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, आणि त्यातील फुलीच्या आकारावरून सर्पिल असल्याचे स्पष्ट दिसते. परंतु दिशेच्या दृष्टीने अधिक निर्णायक ठरली ती त्यांनी एका अहवालात नोंदवलेली स्फटिकाची सममिती. क्रिक यांना या विषयाची जाण होती, म्हणून ती सममिती पाहताच त्यांच्या लक्षात आले की साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेने जात असल्या पाहिजेत. फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असले पाहिजेत, हेही फ्रँकलिन यांनीच ठामपणे मांडले होते. एर्विन चारगाफ यांनी निरनिराळ्या सजीवांचा डीएनए तपासून अ‍ॅडेनिन व थायमिन यांचे प्रमाण सारखे आणि ग्वानिन व सायटोसिन यांचे प्रमाण सारखे असते, हे दाखवून दिलेले होते. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत बेसची रासायनिक रूपे चुकीची छापलेली होती आणि ती चूक जेरी डोनोह्यू या रसायनशास्त्रज्ञाने वॉटसन यांच्या निदर्शनास आणून दिली. तेव्हा कुठे जोड्या जुळल्या. २५ एप्रिल १९५३ रोजी हा शोध प्रसिद्ध झाला. १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि मॉरिस विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्या चार वर्षे आधी वयाच्या ३७व्या वर्षी फ्रँकलिन यांचे निधन झाले होते.

जोड्यांचा नियम कळला की नक्कलीची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. एका साखळीचा क्रम माहीत असेल, तर दुसरीचा क्रम आपोआप ठरतो. परंतु कल्पना सुचणे आणि ती खरी असणे यांत अंतर असते. त्या वेळी तीन शक्यता मांडल्या जात होत्या: जुने सर्पिल तसेच्या तसे राहून पूर्ण नवे तयार होत असेल, किंवा दोन्ही सर्पिलांत जुने-नवे तुकडे मिसळलेले असतील, किंवा प्रत्येक नव्या सर्पिलात एक जुनी आणि एक नवी साखळी असेल. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी कॅलिफोर्नियात केलेल्या आणि १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हा प्रश्न निकाली काढला. त्यांनी ई. कोलाय या जीवाणूला अनेक पिढ्या जड नायट्रोजन असलेल्या अन्नावर वाढवले, त्यामुळे त्याचा सगळा डीएनए किंचित जड झाला. मग त्याला साध्या नायट्रोजनच्या अन्नावर आणले आणि प्रत्येक पिढीतील डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिशय वेगाने फिरवून त्याच्या घनतेनुसार वेगळा केला. एका पिढीनंतर सगळा डीएनए जड आणि हलका यांच्या बरोबर मध्यावर आला. जुने सर्पिल अखंड राहिले असते, तर एक पट्टा जडाचा आणि एक हलक्याचा दिसला असता, म्हणून पहिली शक्यता तेथेच बाद झाली. दुसऱ्या पिढीत अर्धा डीएनए मध्यावर राहिला आणि अर्धा पूर्ण हलका झाला. तुकड्यांची सरमिसळ होत असती, तर पूर्ण हलका डीएनए मिळालाच नसता. उरली ती तिसरी शक्यता. जीवशास्त्रात इतका निःसंदिग्ध निकाल देणारे प्रयोग फार थोडे आहेत, आणि विद्यार्थ्यांनी त्याचा निष्कर्ष पाठ करण्यापेक्षा त्यामागचा तर्क एकदा कागदावर मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नक्कल गुणसूत्राच्या कोठल्याही जागेपासून सुरू होत नाही. त्यासाठी ठरावीक आरंभस्थाने असतात. तेथे काही प्रथिने साखळ्या किंचित विलग करतात आणि मग हेलिकेज नावाचे विकर त्या मोकळ्या जागेत शिरून पुढे सरकत जोड्यांमधील बंध तोडत जाते. जेथे एका सर्पिलाच्या दोन साखळ्या होतात, त्या जागेला फाटा म्हणू. प्रत्येक आरंभस्थानापासून दोन फाटे विरुद्ध दिशांना निघतात. सुट्या झालेल्या साखळ्या पुन्हा चिकटू नयेत किंवा स्वतःवरच दुमडू नयेत, म्हणून विशिष्ट प्रथिने त्यांना तात्पुरती धरून ठेवतात.

येथे पहिली भौतिक अडचण उभी राहते. दोन पदरी सुतळीचे एक टोक पक्के बांधून दुसऱ्या टोकाकडून तिचे पदर वेगळे ओढू लागलो, तर पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि थोड्याच वेळात पदर हलेनासे होतात. डीएनएचेही असेच होते. ई. कोलायमध्ये फाटा सेकंदाला सुमारे एक हजार जोड्यांच्या वेगाने पुढे जातो, म्हणजे पुढचा पीळ मिनिटाला जवळपास सहा हजार वेढे एवढ्या गतीने साठत जातो. तो मोकळा करणाऱ्या विकरांना टोपोआयसोमरेज म्हणतात. त्यांतील एका प्रकारचे विकर एकच साखळी कापते, तिला दुसरीभोवती फिरून सैल होऊ देते आणि लगेच पुन्हा जोडते. दुसऱ्या प्रकारचे विकर दोन्ही साखळ्या कापून सर्पिलाचा दुसरा भाग त्या फटीतून पार करते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे प्रतिजैविक जीवाणूंच्या याच दुसऱ्या प्रकारच्या विकरांना अडवते.

पहिल्या प्रकारच्या विकराची कथा महाराष्ट्राशी दोन बाजूंनी जोडलेली आहे. नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करताना एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पुढे सह्याद्रीच्या जंगलांत आढळणाऱ्या नरक्या या झाडातही हेच द्रव्य चांगल्या प्रमाणात असल्याचे आढळले. ते पेशींवर नेमके कसे काम करते, हे मात्र १९८५च्या सुमारास उलगडले. टोपोआयसोमरेजने साखळी कापली की कॅम्प्टोथेसिन त्या कापात अडकून बसते आणि साखळी पुन्हा जोडली जाऊ देत नाही. मागून येणारा फाटा त्या अडथळ्यावर आदळतो आणि दोन्ही साखळ्या तुटतात. कर्करोगाच्या पेशी वारंवार नक्कल करत असल्याने हा फटका त्यांना अधिक बसतो. या द्रव्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात. नरक्याची बेसुमार तोड झाल्याने ते झाड आज संकटात आहे, आणि ही गोष्ट औषधाच्या यशाइतकीच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

फाटा उघडला, पीळ सैल झाला, आता नवी साखळी विणायची. हे काम करणारे पॉलिमरेज हे विकर आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ साली ई. कोलायमधून मिळवले. जीवाणूच्या नक्कलीतला मोठा वाटा त्यांच्या या विकराचा नसून दुसऱ्याच पॉलिमरेजचा असतो, हे पुढे स्पष्ट झाले आणि ते दुसरे विकर शोधणाऱ्यांत कॉर्नबर्ग यांचे चिरंजीव टॉम होते. तथापि, सर्व डीएनए पॉलिमरेजना दोन मर्यादा लागू पडतात. ती साखळी शून्यातून सुरू करू शकत नाहीत, त्यांना आधी तयार असलेले एक तीन-टोक लागते. आणि ती त्या तीन-टोकालाच नवा घटक जोडू शकतात, पाच-टोकाला कधीही नाही.

पहिली मर्यादा प्रायमेज नावाचे विकर दूर करते. ते साच्यावर, म्हणजे सुट्या झालेल्या जुन्या साखळीवर, आरएनए या डीएनएसारख्याच रेणूचा सुमारे दहा घटकांचा छोटा तुकडा तयार करते आणि त्याच्या तीन-टोकापासून पॉलिमरेज पुढे काम सुरू करते. दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. फाट्यावर उघडलेल्या दोन साच्यांपैकी एकावर नवी साखळी फाट्याच्याच दिशेने वाढू शकते, त्यामुळे ती सलग विणली जाते. दुसरा साचा उलट असल्यामुळे त्यावर विणकाम फाट्यापासून दूर जाणाऱ्या दिशेनेच होऊ शकते. मग फाटा पुढे सरकत असताना नव्याने उघडणाऱ्या भागाचे काय होणार?

याचे उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने शोधले. त्यांनी जीवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन (थायमिन असलेले संयुग) पुरवले आणि त्या क्षणभरात तयार झालेला डीएनए तपासला. तो लांब साखळ्यांच्या रूपात न मिळता एक ते दोन हजार घटकांच्या तुकड्यांच्या रूपात मिळाला. तुकडे जोडणारे लायगेज हे विकर सदोष असेल, तर असे तुकडे साठून राहतात, हेही दिसले. १९६८ साली त्यांनी हा निष्कर्ष मांडला. उलट्या साच्यावर पेशी थोडा भाग उघडला की एक तुकडा मागे विणते, आणखी भाग उघडला की पुढे येऊन दुसरा तुकडा विणते, मग आरएनएचे आरंभीचे अंश काढून ती जागा डीएनएने भरते आणि शेवटी लायगेज ते तुकडे सांधते. मानवी पेशीत हे तुकडे आणखी लहान, शंभर ते दोनशे घटकांचे असतात, म्हणजे एका विभाजनापूर्वी असे कोट्यवधी तुकडे तयार करून जोडावे लागतात. रेइजी हिरोशिमाचे होते, तेथील अणुबॉम्बच्या प्रारणाशी त्यांचा संपर्क आला होता आणि १९७५ साली रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. त्सुनेको यांनी हे संशोधन पुढे चालू ठेवले आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आरएनए असतो, याचे पुरावे मिळवले.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उलट दिशेने विणणारे दुसरे विकर का निर्माण झाले नाही, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकाला पडेल. हा प्रश्न मला सगळ्या विषयातील सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात चूकदुरुस्तीचे रहस्य आहे. नवा घटक येतो तेव्हा त्याच्या पाचव्या कार्बनवर तीन फॉस्फेट असतात. साखळीला जोडले जाताना त्यांतील दोन सुटतात आणि त्यातून बंध तयार होण्यास ऊर्जा मिळते. म्हणजे ऊर्जा येणारा घटक स्वतःबरोबर आणतो. पॉलिमरेजने चुकून भलताच बेस बसवला, तर टोक नीट जुळत नाही, विकर थबकते आणि त्याच्याच एका वेगळ्या भागात तो शेवटचा घटक कापून टाकला जातो. कापल्यानंतर मागे उरते ते साधे तीन-टोक, आणि पुढचा योग्य घटक आपली ऊर्जा घेऊन येतो, तेव्हा काम पूर्ववत सुरू होते. आता साखळी पाच-टोकाकडे वाढत आहे, अशी कल्पना करू. तेव्हा ऊर्जा देणारे फॉस्फेट वाढत्या साखळीच्या टोकावर असावे लागतील. चुकीचा घटक कापला की ते फॉस्फेटही त्याच्याबरोबर जातील आणि पुढचा घटक जोडायला ऊर्जाच उरणार नाही, म्हणजे एक चूक दुरुस्त करताना काम कायमचे थांबेल. उलट दिशेच्या विकरामुळे तुकडे पाडणे टळले असते, परंतु चुका दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य झाले असते.

आरंभीचा तुकडा आरएनएचाच का, याचाही याच अंगाने विचार करता येतो. शून्यातून सुरुवात करणाऱ्या विकराला टोक जुळते की नाही, हे तपासता येत नाही, त्यामुळे त्याच्या कामात चुका अधिक राहतात. तो भाग आरएनएचा असल्याने तो नंतर ओळखून काढून टाकता येतो आणि त्याजागी तपासलेला डीएनए बसवता येतो.

चुकांचे गणितही पाहण्यासारखे आहे. निव्वळ जोड्यांच्या निवडीत पॉलिमरेजची साधारण एक लाख घटकांत एक चूक होते. वर सांगितलेली तपासणी हे प्रमाण सुमारे एक कोटीत एक इतके खाली आणते. तरीही सुटलेल्या चुका शोधणारी स्वतंत्र प्रथिने फाट्याच्या मागोमाग फिरतात आणि शेवटी शंभर कोटींत एक किंवा त्याहूनही कमी चुका उरतात. न जुळणाऱ्या जोडीतील कोणता बेस जुना आणि कोणता नवा, हे या प्रथिनांना कळावे लागते. ई. कोलायमध्ये जुन्या साखळीवर मिथिल गटांच्या खुणा असतात आणि नवीवर त्या काही काळ नसतात, हे पॉल मॉड्रिच यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले, आणि त्यांना २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. माणसात या प्रथिनांची जनुके जन्मतः सदोष असतील, तर लिंच सिंड्रोम होतो आणि अशा व्यक्तींना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ अधिक असतो. कुटुंबात हा आजार कमी वयात एकाहून अधिक जणांना झाला असेल, तर जनुकीय तपासणीबाबत डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. मानवी फाटा जीवाणूच्या तुलनेत फार संथ, सेकंदाला सुमारे पन्नास जोड्यांच्या गतीने चालतो, परंतु पेशीत हजारो आरंभस्थाने असल्याने काम वेळेत होते. ई. कोलायच्या गुणसूत्रात ४६ लाख जोड्या आणि एकच आरंभस्थान असते. एका नक्कलीला या पेशीला सुमारे ४० मिनिटे लागतात, तरी अनुकूल स्थितीत ती दर २० मिनिटांनी दुभंगते, कारण पहिली नक्कल पुरी होण्याआधीच पुढच्या पिढीची नक्कल सुरू झालेली असते.

एकाच दिशेच्या नियमाची शेवटची किंमत गुणसूत्रांच्या टोकांशी चुकवावी लागते. जीवाणूचे गुणसूत्र बहुधा वर्तुळाकार असते, त्याला टोकच नसते. आपली गुणसूत्रे सरळ आहेत. तुकड्यांनी विणलेल्या साखळीच्या अगदी टोकाचा आरएनए काढल्यावर ती रिकामी जागा भरायला मागे तीन-टोक नसते, म्हणून प्रत्येक नक्कलीत टोक थोडे आखूड होते. ही अडचण १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह आणि वॉटसन यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिली. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. तेथे थायमिन, थायमिन, अ‍ॅडेनिन आणि तीन ग्वानिन असा सहा घटकांचा क्रम हजारो वेळा आलेला असतो, त्यामुळे झीज होते ती या निरर्थक पुनरावृत्तीची आणि आतली जनुके सुरक्षित राहतात. शरीरातील सामान्य पेशी प्रयोगशाळेत सुमारे ४० ते ६० विभाजनांनंतर थांबतात, त्यामागे ही झीज हे एक मोठे कारण आहे. जननपेशींच्या बाबतीत मात्र असे थांबून चालणार नाही. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांनी १९८४ साली टेट्राहायमेना या तळ्यातील एकपेशीय जीवात टेलोमरेज हे विकर शोधले. त्याच्याजवळ स्वतःचा आरएनएचा साचा असतो आणि त्यावरून ते टोकाला पुन्हा पुन्हा तोच क्रम जोडते. बहुतेक कर्करोगांच्या पेशी बंद झालेले हे विकर पुन्हा सुरू करून घेतात. इमेटेलस्टॅट नावाचा न्यूक्लिओटाइडचा एक आखूड कृत्रिम तुकडा त्या आरएनएच्या साच्याशीच जोडी जमवून टेलोमरेज बंद पाडतो, आणि रक्तपेशींच्या निर्मितीत बिघाड होणाऱ्या एका आजारावरील औषध म्हणून त्याला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली.